पडद्यावरची मनगटं

नटाचा चेहरा चेअरमनांच्या कधी लक्षात राहिला नाही. गाजलेला नायक असो की खलनायक, त्यांच्या लेखी तो ‘चौकोनी डायलवाला’ किंवा ‘ढिल्या साखळीचा’ असे. कोणी एखाद्या नटाचं नाव घेतलं की ते विचारत, “म्हंजे कोन? काळ्या पट्ट्याचा?” तो काळ्या पट्ट्याचाच निघाला तर त्याची मागची सगळी कामं ते सांगत. नाव मात्र पुढच्या वेळी पुन्हा विचारत.

उमापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात दूध उत्पादकांची सहकारी सोसायटी होती. तिचे ते चेअरमन. जमीन चांगली, तालुक्याच्या पुढाऱ्यांत ऊठबस. सोसायटीची निवडणूक मात्र दरवेळी बिनविरोध होई, कारण पहाटे उठून दुधाच्या मापाजवळ उभं राहायला दुसरं कोणी तयार नसे. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दुष्काळाच्या बातम्यांसाठी त्या पट्ट्यात सतत फिरावं लागे, म्हणून त्यांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली होती.

सोसायटीच्या कार्यालयात रंगीत टीव्ही होता. चांगल्या कामाबद्दल जिल्हा दूध संघाकडून बक्षीस मिळालेला. संध्याकाळचं दूध गाडीत चढलं की, वीज असेल त्या दिवशी, गावातली निम्मी माणसं तिथं जमत. चेअरमनांची खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर असे. चष्मा कपाळावर सरकवून ते पुढे वाकून बसत. मागच्यांना त्यांच्या टोपीच्या दोन्ही बाजूंनी मालिका पाहावी लागे.

“चेअरमन, आमाला गोष्ट दिसंना,” कोणी तरी म्हणायचं.

“गोष्ट तुमी नंतर सांगा मला. मी हात बघतोय.”

हा नाद कुठून लागला, ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. सहकारातल्या सत्कारांना त्या काळी शाल, नारळ आणि मनगटी घड्याळ देण्याची पद्धत होती. चेअरमनांना अशी बरीच घड्याळं मिळाली. प्रत्येक घड्याळ घेऊन ते गेवराईला एका म्हाताऱ्या घडीसाजाकडे जात आणि त्याला मागचं झाकण उघडायला लावत. बाहेर नाव परदेशी आणि आत भलतंच मशीन, असं बहुतेकदा निघे. “देनाऱ्यानं आपल्याला किती मानलं ते झाकन उघडल्यावर कळतंय,” ते म्हणत. त्या दुकानातल्या बाकावर बसून ते काटे, काचा, पट्टे शिकले. सेकंदकाटा टकटक उड्या मारत चालला तर सेलचं, सलग सरकत गेला तर ऑटोमॅटिक, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागे. पुराणकाळात घड्याळं नव्हती, तेव्हा चेअरमनांनी निदान त्या वेळी शेताकडे चक्कर मारावी, अशी सोसायटीचा सचिव नारायण याची अपेक्षा असे. चेअरमन हलत नसत. एका रविवारी महर्षींनी शाप द्यायला हात उचलला. कार्यालयातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. चेअरमन पुढे वाकले.

“मनगटावर पांढरा पट्टा बगा. उन्हात घड्याळ घालून फिरलंय हे. रंग लावलाय, पन कड राहिलीया.”

“चेअरमन, शाप चाललाय,” मागून रामराव म्हणाले. दोन म्हशींचे मालक आणि गावातले सगळ्यात फटकळ गृहस्थ.

“चालू द्या की. साखळीचं व्हतं. चामड्याची कड अशी दातेरी पडत न्हाई.”

सामाजिक मालिकांत तर त्यांना उसंत नसे. दोन मजली बंगल्याचा मालक जत्रेतलं घड्याळ घालतो, झोपेतून उठलेल्या सुनेच्या हातात घड्याळ असतं, फौजदाराचं घड्याळ बंद आहे आणि तरी तो त्यात बघून आरोपीला वेळ सांगतो, अशी टिप्पणी चालू असे. सर्वांत जास्त राग त्यांना घड्याळ बदललं की येई. नट दारातून आत आला आणि बाहेरचं पांढरं डायल आत काळं झालं, की ते खुर्चीच्या हातावर चापट मारत.

“बदललं आसल की त्यानं,” नारायण रामरावांकडे बघून मोठ्याने म्हणे, म्हणजे चेअरमनांना ऐकू जाई.

“कवा बदललं? उंबऱ्यात दुकान हाय का घड्याळाचं?”

अशा चुकीला ते कुठलीच सबब मान्य करत नसत. त्या माणसाकडे दोन घड्याळं असतील, खिशात दुसरं असेल, मधे रात्र गेली असेल, हे सगळं सुचवून झालं होतं. “ज्याला पगार मिळतो त्यानं बगायला पायजे,” एवढंच त्यांचं उत्तर असे. दुधाच्या मापाबाबतही त्यांचं हेच वाक्य होतं.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधी चहा घेऊन कार्यालयाच्या दारापर्यंत येत. एकदा त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “माझ्या हातात कंच्या रंगाच्या बांगड्या हायत, ते इचारा ह्यांना.”

“हिरव्या,” पडद्यावरची नजर न हलवता चेअरमन म्हणाले.

काकूंनी पदराबाहेर हात काढून दाखवला. बांगड्या लाल होत्या. हसण्याचा आवाज थांबेपर्यंत मालिकेतला एक हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे एक तांबूस डायलचं घड्याळ. तारखेची खिडकी, चारच्या आकड्याजवळ काचेवर ओरखडा. ते आधी एका इन्स्पेक्टरच्या हातात दिसलं, मग दुसऱ्या मालिकेतल्या डॉक्टरच्या, मग तिसरीतल्या नवरदेवाच्या. बायकांनी शेवटी येणारी नावांची पाटी वाचून सांगितलं, तेव्हा तिन्ही मालिका एकाच कंपनीच्या निघाल्या.

“सोसायटीचं घड्याळ हाय हे,” चेअरमन समाधानाने म्हणाले. “आपला फवारनीचा पंप कसा, ज्याची पाळी त्याच्या पाठीवर. तसं हे.”

“पंप परत देताना कोन नीट देतंय?” नारायण म्हणाला.

“म्हनून तर वरखडा पडलाय.”

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. तलावाच्या तळाला भेगा पडल्या. दोन वेळचं दूध संकलन एका वेळेवर आलं. माणसांसाठी सरकारी टँकर येई. जनावरं त्या हिशेबात नव्हती. चेअरमनांनी सभासदांची जनावरं सोसायटीच्या आवारात एकत्र बांधायला लावली, म्हणजे मिळेल ते पाणी एका हौदात पडेल आणि सगळ्यांना सारखं मिळेल. काही दिवस हे चाललं. मग हौद भरणारी विहीरच आटली. लोक बाजारच्या दिवसाची वाट बघू लागले. मिळेल त्या भावाने जनावर द्यायचं, हे घराघरात ठरत होतं. रामरावांनी येत्या बाजारात दोन्ही म्हशी काढायचं ठरवलं होतं. म्हशी गेल्या की सोसायटी नावापुरती राहणार, हे चेअरमनांना माहीत होतं. ते याबद्दल बोलत नसत. हौदात काठी घालून ओल किती आहे ते पाहत आणि काठी धोतराला पुसत.

याच दिवसांत एका मालिकेची मंडळी जिल्ह्यात आली. त्यांना धबधबा हवा होता. कपिलधारला जाऊन त्यांनी कोरडा कडा पाहिला. मग दिग्दर्शकाने कथेतला धबधबा काढून पाऊस घातला. कोरड्या रानात अचानक पडणारा पाऊस. रान शोधायला अडचण आली नाही. पाऊस टँकरने पाडायचा होता.

त्यांच्या मॅनेजरला सोसायटीचं आवार आणि शेजारचं जुनं घर पसंत पडलं. बोलणी कार्यालयात झाली.

“भाडं काय घेणार?” मॅनेजरने विचारलं.

“भाडं नको. तुमचा पाऊस कसा पडनार?”

“दोन टँकर येतील. एक पावसाला, दुसरा राखीव. सीन बिघडला तर पुन्हा घ्यावा लागतो.”

“आन न्हाई बिघडला तर?”

“परत जाईल.”

“परत कावून नेता? आमच्या हौदात सोडा.”

मॅनेजरने दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने मान हलवली. पहिल्या पावसात काम झालं तर दुसरा टँकर जनावरांचा, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत हे गावात सर्वांना माहीत झालं होतं.

पहिल्या दिवशी नायकाचं काम करणारा नट गाडीतून उतरला. लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेअरमन पुढे गेले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. नटाला वाटलं स्वागत आहे, तो हसला. चेअरमनांनी मनगट उजेडाकडे वळवलं. तांबूस डायल होतं. चारच्या आकड्याजवळ ओरखडा होता.

“हे तुमचं न्हाई,” ते म्हणाले.

“कंपनीचं आहे,” नट गोंधळून म्हणाला.

“म्हाईत हाय. आधी इन्स्पेक्टरकडं व्हतं.”

त्यानंतर जेवणाचं दृश्य होतं. कॅमेरा सुरू असताना चेअरमन बाजूने स्पष्ट आवाजात म्हणाले, “थांबा.” सगळे थांबले. “मगाशी पावनेदोन वाजले व्हते. आता ताट तेच, भाकर तीच, आन घड्याळात साडेदहा.” ही असली सलगता पाहायला पुण्याची एक तरुण मुलगी नेमलेली होती. हातात फाइल, तिच्यात प्रत्येक दृश्याचे फोटो. ती हसून म्हणाली, “काका, मी तेच सांगायला उठले होते.” तिने फोटो दाखवला. दिग्दर्शक आधी चिडला, मग त्याने कॅमेऱ्याजवळ एक खुर्ची मांडायला सांगितली. पुढचे दोन दिवस त्या खुर्चीत चेअरमन आणि शेजारी ती मुलगी, असं काम चाललं. ती त्यांना एखादी गोष्ट विचारी आणि ते उत्तर देत. आयुष्यभर ते न विचारता सांगत आले होते. त्या दोन दिवसांत त्यांनी टोपी दोनदा धुतली, असं काकूंनी मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पावसाचं दृश्य होतं. सकाळी घरातला प्रसंग घेतला. नायक, म्हणजे घरातला धाकटा भाऊ, घर सोडून निघतो. हातातलं घड्याळ काढून वहिनीच्या हातात देतो, “दादाला द्या” म्हणतो आणि उंबरा ओलांडतो. दुपारी त्याने पावसातून चालत जायचं होतं. मधल्या वेळात त्या मुलीला ऊन लागलं. तिला गाडीत घालून बीडला दवाखान्यात नेलं.

दिग्दर्शक चेअरमनांकडे आला. “चेअरमनसाहेब, आज तुम्हीच. काही चुकलं तर सांगायचं, भीड ठेवायची नाही.”

“मी कवा भीड ठेवलीया?”

गावकऱ्यांना गर्दी म्हणून उभं केलं होतं. लोकांनी माळ्यावर टाकून दिलेल्या पोत्याच्या खोळी काढून, झटकून डोक्यावर घेतल्या होत्या. रामराव नायकाच्या अगदी मागे होते. नारायण दूध घेऊन गेवराईला गेला होता. आवाराच्या कडेला जनावरं बांधलेली, त्यांच्यापलीकडे दोन्ही टँकर.

पाऊस सुरू झाला. पाण्याचा वास लागताच जनावरं दावी ओढून हंबरू लागली. दिग्दर्शकाने हाताने खूण केली की चालू द्या, आवाज नंतर घालू. नट चालत आला. अर्ध्या वाटेत थांबला, वर पाहिलं आणि तोंडावरचं पाणी पुसायला हात उचलला. भिजलेली बाही कोपराकडे सरकली.

मी चेअरमनांच्या खुर्चीमागे उभा होतो. त्यांनी मागे न पाहता माझा हात धरला.

“मनगटावर हाय,” ते अगदी हळू म्हणाले.

जेवताना नटाने घड्याळ पुन्हा घातलं असणार. सकाळी वहिनीला दिलेलं घड्याळ दुपारी पावसात त्याच्याच हातात होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब उडाले होते. मॉनिटरकडे बघणाऱ्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. पहिला टँकर संपला. पाऊस एका बाजूने थांबत गेला. नटाने खिशात हात घातले आणि तो टॉवेल मागू लागला.

दिग्दर्शक वळला. “चेअरमनसाहेब? सगळं बरोबर?”

चेअरमनांनी आवारावरून नजर फिरवली. खोळ घेतलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. दुसऱ्या टँकरचा ड्रायव्हर पाइप हातात घेऊन उभा होता. तो पाइप आता कुठे जोडायचा, हे कळायची तो वाट पाहत होता.

“बरोबर हाय,” चेअरमन म्हणाले.

“घड्याळ वगैरे?”

“समदं बरोबर हाय.”

दिग्दर्शकाने टाळी वाजवली. ड्रायव्हरने पाइप हौदात सोडला. जनावरं सोडली गेली आणि गर्दीतली माणसं खोळींसकट तिकडे धावली. कोणी कोणाच्या जनावराला हटवत नव्हतं. पाणी पुरेसं होतं. चेअरमन तिकडे गेले नाहीत. ते त्या खुर्चीतच बसून राहिले. खुर्ची उचलायला माणूस आला, तेव्हा उठले.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “तुमच्या पेपरात चुकीचं छापून आलं तर काय करता?”

“दुसऱ्या दिवशी खुलासा देतो.”

“आन म्हाईत आसून छापलं तर?”

“तशी वेळ आलेली नाही.”

“बरं हाय मग,” ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली. सुई लावलेल्या हातावर कापसाचा बोळा होता. “काका, काल सगळं नीट झालं ना?” तिने विचारलं. ते “व्हय” म्हणाले. मंडळी निघाली, तेव्हा त्यांनी तिच्या गाडीत तुपाचा डबा ठेवला. त्या वर्षी गावात तूप फार थोड्या घरांत होतं. काकूंनी कारण विचारलं. ते म्हणाले, पोर आजारी पडली होती.

हौदातलं पाणी त्यांनी मापून वापरायला लावलं. त्या बाजारी गावातलं एकही जनावर गेलं नाही. पुढच्या बाजाराआधी तहसीलदारांनी जनावरांसाठी टँकर मंजूर केला. त्यासाठी चेअरमन रोज गेवराईला खेपा घालत होते. रामरावांच्या म्हशी राहिल्या. बातमी मी दिली. ती आतल्या पानावर आली.

त्यानंतर कित्येक दिवस चेअरमन टीव्हीपुढे बसत, पण बोलत नसत. खुर्ची तिथंच, चष्मा कपाळावर. पडद्यावर एका वकिलाचं घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात गेलं. नारायणने ते मुद्दाम मोठ्याने सांगितलं. चेअरमन नुसते “हं” म्हणाले. काकूंनी मला बोलावून घेतलं. “ह्यांची तब्येत बगा हो. कुनाच्या हाताला नाव ठेवलं न्हाई किती दिस झाले.” मला कारण माहीत होतं. ते सांगायचं की नाही, हे चेअरमनांच्या हातात होतं.

आपल्या गावाचा भाग कधी दाखवणार, ती तारीख आधीच कळली होती. त्या संध्याकाळी कार्यालय भरून माणसं बाहेर ओट्यावर गेली. बायका पहिल्यांदाच पुढे बसल्या होत्या. चेअरमन आपल्या खुर्चीत. पडद्यावर सोसायटीचं आवार आलं, तेव्हा सगळे एकदम ओरडले. कोणाला आपला बैल दिसला, कोणाला आपली भिंत. काकूंना त्यांची तुळस दिसली. धाकट्या भावाने वहिनीच्या हातात घड्याळ ठेवलं आणि तो बाहेर पडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मग पाऊस आला. खोळी घेतलेली माणसं स्वतःला शोधू लागली. नट थांबला, त्याने हात वर केला, बाही सरकली. घड्याळ पडद्याच्या मधोमध होतं. तांबूस डायल, आणि ओल्या काचेवर चमक.

चेअरमनांनी इतकी वर्षं गावाला मनगटाकडे बघायला शिकवलं होतं. गडबड थांबली.

नारायणला राहवलं नाही. त्या दिवशी तो गावात नव्हता. “चेअरमन,” तो म्हणाला, “घड्याळ तर वहिनीला दिलंतं की!”

चेअरमन पडद्याकडे बघत राहिले. “दिलंतं,” ते म्हणाले. “तिनं परत दिलं आसल. पावसापान्याचं लेकरू घराबाहेर चाललंय, येळ कळाया नको का?”

नारायण तोंड उघडून त्यांच्याकडे बघत होता. त्याला काही तरी बोलायचं होतं. त्याआधी मागून रामरावांचा आवाज आला.

“दिलंच आसल,” ते म्हणाले. “वहिनी लई चांगली हाय त्याची.”

“व्हय,” आणखी कोणी तरी म्हणालं. “मायाळू हाय.”

पुढे बसलेल्या बायकांनीही माना हलवल्या.